ग्लासभर म्हंजे किती

बुटीबोरीच्या कंपनीचा फॉर्म आलाय.
रकाना चौथा: घटक, ग्रॅममध्ये.
गांधीबागेतून मी काटा आणला, काचेचा, वहीएवढा,
आणि आई त्याच्याकडे अशी बघते
जसं कुणी चपला घालून चुलीपाशी आलंय.

"हे कायले व?"
मसाला विकायचा तर वजन लागते, आई.
"मंग ग्लास आहे ना."

आहे.
पाचपावलीच्या आमच्या खानावळीत बत्तीस वर्षं एकच ग्लास.
बुडाला पोचा, काठ एका जागी आत वळलेला,
पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
विणकर सोसायटी, लाभांश, सन १९८१.
सोसायटी बुडाली. ग्लास राहिला.

धणे, ग्लासभर: एकशे नव्वद.
"इतके जड? खडे असतीन, निवडून घे."
मी काट्याची बटणं दाबून पाहिली, पुढे गेले.
भाजलेली ज्वारी: एकशे अठ्ठ्याऐंशी.
खसखस: एकशे एक्कावन्न.
दगडफूल: अठरा.
परत ठेवलं. अठराच.
तोच ग्लास, तोच पोचा,
आणि एवढं रानाचं काळं काळं भरूनही
काट्याला जेमतेम चाहूल.

गंमत म्हणून पाणी घातलं: दोनशे पन्नास.
जवसाचं तेल, त्याच काठापर्यंत: दोनशे तीस.
"तेल हलकं?" ती खाली वाकून आकडे वाचू लागली.
"मंग महाग कायले मिळते?"

तिखटाशी आम्ही अडलो.
"शिगोशीग घे."
किती शीग?
"पडेपर्यंत."
मी भरला: एकशे सत्तावीस.
तिने माझ्या हातून ग्लास घेतला,
डब्यात खुपसला, मनगट जरासं हलवलं,
कडेचं थोडं ओघळू दिलं आणि ठेवला.
एकशे त्रेचाळीस.
पुन्हा भर म्हटलं. एकशे त्रेचाळीस.
डोळे मीट म्हटलं तर रागावली, पण मिटले.
एकशे चव्वेचाळीस.
एक ग्रॅम तिचा रागाचा.

लिहून घेत होते, तर म्हणाली,
"भादव्यातलं तिखट वायलं भरते. आता मे हाय,
शेहेचाळीस डिग्री, सारं कोरडं ठक्क.
आजचं वजन आजचंच."
मी म्हटलं, कंपनीला एकच आकडा पाहिजे.
मग ती बोलली, माझ्याकडे न बघता,
खसखशीचे सांडलेले दाणे बोटाने टिपत:

"सेठ सूत द्याचा वजनावर. पाणी मारून.
मी लुगडं विणून, वाळवून नेऊन द्याची,
तेही वजनावर.
पाणी उडून गेलं तं सूत चोरलं म्हणे.
दीड रुपया कापला. चारचौघींत.
मी पदर झटकून दाखवला त्याले,
त्यातून पाणी कुठून पडते?
तवापासून मले तराजू पटत नाही पोरी.
ग्लासात दिसते तेवढं असते."

पंखा गरगरत होता. कुलरमध्ये पाणी संपलेलं,
नुसतीच गरम हवा, तिखटाची.
दोघी शिंकलो, आधी ती, मग मी,
काटा ग्रॅमभर थरथरला नि शून्यावर आला.

रात्री बेरीज केली तर मसाला शंभरच्या वर जास्त.
तीनदा केली.
मग आठवलं, धण्यांच्या वेळी
रिकामा ग्लास ठेवून शून्य करायचं असतं, ते केलंच नव्हतं.
ग्लास धुऊन, पुसून एकटा ठेवला:
एकशे आठ.
धण्यांपुढचे एकशे नव्वद खोडले, ब्याऐंशी केले.
तिखटापुढे एकशे त्रेचाळीस ठेवले.
शीग लिहायला रकाना नव्हता.

आई अंथरुणावर उठून बसली होती.
का व, काय झालं?
सांगितलं, की धण्यात तुझा ग्लासही मोजला गेला,
एकशे आठ ग्रॅम.

"एकशे आठ?"
तिने ग्लास हातात घेऊन वरखाली केला,
कोरलेल्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.
"चौदा वर्षं वर्गणी भरली व आम्ही.
लाभांश एवढुसाच होता म्हंजे."